मेंदूचा आकार आणि माणसाचा स्वभाव : शोधनिबंध तपासायचा कसा

‘मेंदूचा अमुक भाग मोठा असलेली माणसं जास्त धाडसी’ अशी बातमी सकाळी पेपरात येते आणि आठवड्याभरात म्हापसा-फोंड्याच्या एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा फलक होतो. ती फलकावर चढण्याआधी मूळ निबंध उघडा. अर्धा तास, कागद-पेन्सिल आणि वर्गमूळ काढणारा कॅलक्युलेटर एवढ्यावर भागतं. मेंदूशास्त्राची पदवी लागत नाही.

सगळ्यात आधी डोकी मोजा. सारांश आणि निष्कर्ष बाजूला ठेवून थेट ‘पद्धती’ या भागात जा. चाळीस जणांचे एमआरआय काढले, सहा जण यंत्रात हलले म्हणून वगळले, तर संख्या ३४ धरायची. दोन गट असतील आणि संबंध एकाच गटात काढला असेल, तर त्याच गटाची डोकी मोजायची. लंडनच्या टॅक्सीचालकांवरचं एलिनॉर मॅग्वायर यांचं २००० सालचं काम सगळ्यांना ठाऊक आहे : हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरण आणि वाटा लक्षात ठेवणं यांच्याशी निगडित मेंदूचा भाग, त्याचा मागचा हिस्सा चालकांमध्ये मोठा आढळला. त्यात तुलनेसाठी ५० जण होते, पण चालक होते १६. ‘जितकी वर्षं टॅक्सी, तितका भाग मोठा’ हा संबंध त्या सोळांच्याच जिवावर उभा आहे.

आता हिशेब. दोनला डोक्यांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागा. पंचवीस जण असतील तर २ भागिले ५, म्हणजे ०.४. खरा संबंध शून्य असला तरी निव्वळ योगायोगाने सहसंबंधाचा आकडा (दोन मापं किती बरोबरीने कमीजास्त होतात ते उणे १ ते अधिक १ मध्ये सांगणारा) उणे ०.४ ते अधिक ०.४ यांमध्ये कुठेही पडू शकतो, असा याचा ढोबळ अर्थ. १०० जणांना हा पट्टा ०.२ होतो, ४०० जणांना ०.१ आणि १०,००० जणांना ०.०२.

या पट्ट्याशेजारी प्रत्यक्षातले आकडे ठेवा. स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली ‘नेचर’मध्ये सुमारे ५०,००० लोकांच्या स्कॅनवरून मेंदू आणि वर्तन यांचे संबंध मोजले. मधला आकडा ०.०१ निघाला. सगळ्यात जोरकस एक टक्का संबंध ०.०६ च्या वर होते, आणि दुसऱ्या नमुन्यातही टिकलेला सर्वांत मोठा होता ०.१६. अशा अभ्यासांतली माणसांची नेहमीची संख्या त्यांना आढळली २५. म्हणजे जाळ्याचे डोळे ०.४ चे आणि समुद्रातली बहुतेक मासळी ०.१ हून बारीक. तरीही रापणीला काही लागलंच, तर ते योगायोगाने फुगलेलं असणार. छोट्या अभ्यासांतले आकडे डोळे दिपवणारे असतात ते यामुळेच. ०.५ चा सहसंबंध छापलेला दिसला आणि माणसं २५ असली, तर खरा आकडा ०.१३ ते ०.७५ यांत कुठेही असू शकतो, आणि बहुधा खालच्या टोकाकडेच.

किती माणसं पुरेशी? एकच, आधी ठरवलेली चाचणी असेल, तर ८० टक्के खात्रीने संबंध पकडायला ०.३ साठी ८५ जण लागतात, ०.२ साठी १९४, ०.१ साठी ७८३ आणि ०.०६ साठी जवळपास २,१८०. हे आकडे वहीत लिहून ठेवा, दर निबंधाला लागतात.

‘एकच चाचणी’ ही अट मात्र क्वचितच पाळलेली असते. मेंदूच्या सालीचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, ६८ भाग करणारा एक नकाशा सर्रास वापरला जातो, दोन्ही बाजूंना ३४-३४. प्रत्येक भागाची जाडी, क्षेत्रफळ आणि घनफळ मोजलं, की मापं झाली २०४. त्यांच्यापुढे पाच प्रश्नावल्या ठेवल्या तर चाचण्या १,०२०. पाच टक्क्यांचा, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोगाने चकवणारा, निकष लावला तर काहीही नसताना सरासरी ५१ ‘शोध’ लागतात. म्हणून निबंधात तीन गोष्टी हुडका : किती चाचण्या केल्या ते सांगितलंय का, त्या संख्येनुसार निकष कडक केलाय का, आणि कोणता भाग बघायचा हे स्कॅनआधी जाहीर नोंदवलं होतं का. आधी अख्खा मेंदू चाळून सर्वांत मोठा आकडा देणारा ठिपका निवडायचा आणि मग त्याच ठिपक्याचा, त्याच माणसांमधला सहसंबंध पुरावा म्हणून छापायचा, ही लबाडी नकळतही होते. तसं दिसलं तर तो आकडा सरळ खोडा.

मोजमापाकडे लोक सहसा बघतच नाहीत, आणि घोळ तिथेच जास्त असतो. एमआरआयमधून ‘जाडी’ थेट मिळत नाही. सॉफ्टवेअर कडा शोधून ती काढतं. फ्रीसर्फर या प्रोग्रामच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांनी तेच स्कॅन मोजले तेव्हा भागांच्या घनफळात सरासरी ८.८ टक्के फरक पडला, हे २०१२ मध्येच दाखवलं गेलंय. तेव्हा सगळे स्कॅन एकाच यंत्रावर, एकाच आवृत्तीने मोजलेत का ते पाहा. दुसरी अडचण डोकं हलण्याची. चालत्या फेरीबोटीतून काढलेल्या फोटोसारख्या कडा पुसट होतात आणि करड्या भागाचं (जिथे मज्जापेशी दाटलेल्या असतात त्या भागाचं) माप कमी भरतं. चुळबुळी मुलं जास्त हलतात. त्यामुळे ‘उतावळ्या मुलांची साल पातळ’ असा निष्कर्ष निघाला, तर साल पातळ होती की फोटो हलला होता, हे विचारायलाच हवं. हालचालीचा हिशेब निबंधात दिला नसेल तर पुढे वाचण्यात फारसा अर्थ नाही.

वर्तनाचं मापही तपासा. तीच चाचणी त्याच माणसाने महिन्याने दिली तर गुण किती जुळतात, तो आकडा, म्हणजे विश्वासार्हता, शोधा. मेंदूच्या मापाची विश्वासार्हता ०.९ आणि वर्तनाच्या चाचणीची ०.४ असेल, तर दोन्हींचा गुणाकार ०.३६ आणि वर्गमूळ ०.६. खरा संबंध ०.२ असला तरी हाती ०.१२ च लागणार, आणि लागणारी माणसं १९४ वरून ५४३ वर जाणार. प्रतिक्रियेच्या वेळांतल्या फरकावर बेतलेल्या चाचण्या इथे हमखास कच्च्या पडतात.

मग वय, लिंग आणि डोक्याचा आकार. समजा कुणी पणजीच्या कदंब बस स्टँडवरचे २५ पायलट, म्हणजे गोव्यातले मोटारसायकल-टॅक्सीवाले, आणि ताळगाव पठारावरच्या विद्यापीठातले २५ विद्यार्थी घेतले आणि मेंदूत फरक दाखवला. पायलट जवळजवळ सगळे पुरुष, वयाने मोठे. विद्यार्थी विशीतले, त्यांत मुलीही. वयाबरोबर करडा भाग कमी होतो आणि पुरुषांची कवटी सरासरीने मोठी असते. हे तिन्ही घटक गणितात वेगळे काढले नसतील, तर मोटारसायकलवर गल्ल्या पालथ्या घालण्याचा या फरकाशी संबंध आहे, असं म्हणता येत नाही.

शेवटी पुनःपडताळणी. बोकेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पाच निबंधांतले १७ संबंध नव्या माणसांवर तपासले, आणि जवळजवळ एकही धड टिकला नाही. पण आपली फूटपट्टी इथेही लावायची : त्यांची माणसं ३६, पट्टा ०.३३. म्हणजे त्या अपयशावरूनही छातीठोक निकाल देता येत नाही. पुढे २०१९ मध्ये मोठ्या नमुन्यांवर झालेलं काम जास्त भक्कम आहे. त्यात मानसिक चाचण्यांचे संबंध क्वचितच पुन्हा दिसले, पण वय आणि वजन-उंचीचं प्रमाण यांचे संबंध मेंदूत पुन:पुन्हा दिसले. यंत्र आणि पद्धत अगदीच टाकाऊ नाहीत, हे त्यावरून कळतं.

सगळं संशोधन एका टोपलीत टाकू नका. त्याच माणसाचं आधी आणि नंतर मोजलेलं माप वेगळ्या तोलाचं असतं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांवरच्या २०११ सालच्या अभ्यासात उमेदवारांना परवान्याच्या परीक्षेआधी आणि नंतर मोजलं होतं, आणि हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागाची वाढ उत्तीर्ण झालेल्यांतच दिसली. उलट २०१९ मध्ये ९० सामान्य तरुणांत वाट शोधण्याचं कौशल्य आणि हिप्पोकॅम्पसचा आकार यांचा संबंध सापडला नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मोठ्या नमुन्यात टिकलेला आकडाही वर्ग करून बघा. ब्रिटनमधल्या १३,६०८ लोकांत मेंदूचं एकूण आकारमान आणि आकलन-चाचणीचे गुण यांचा संबंध ०.१९ आला. त्याचा वर्ग ०.०३६. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकापैकी चार टक्क्यांहून कमी भागाचा उलगडा होतो. समोर बसलेल्या एका मुलाबद्दल त्यावरून काही बोलता येत नाही, आणि स्कॅन दाखवून ‘कल’ सांगणाऱ्याला पैसे द्यायचं तर कारणच नाही.

फलक किंवा बातमी लिहिताना ‘मुळे’ हा प्रत्यय गाळा. ‘हा भाग मोठा असल्यामुळे माणूस धाडसी होतो’ ऐवजी असं लिहा : ‘३४ जणांच्या स्कॅनमध्ये हा भाग आणि धाडसाच्या प्रश्नावलीतले गुण यांचा ०.४ संबंध दिसला. दुसऱ्या गटात तो अजून तपासलेला नाही.’ मथळ्याला हे लांब पडतं. मग मथळ्यात निदान ३४ हा आकडा तरी ठेवा.