परागंदा सरकारच्या पंतप्रधानाची कारकीर्द कशी अभ्यासावी : सिकोर्स्की यांचे उदाहरण

परागंदा सरकारच्या, म्हणजे देश शत्रूच्या ताब्यात गेल्यामुळे परदेशातून चालणाऱ्या सरकारच्या, पंतप्रधानावर चरित्रलेख लिहिणारा विद्यार्थी बहुधा जन्म, शिक्षण, पदे आणि मृत्यू या क्रमाने जातो आणि तिथेच फसतो. कारण ज्याच्या ताब्यात मायदेशाची इंचभरही जमीन नाही, त्याचा शब्द कोण आणि का मानत होते, हा मुख्य प्रश्न त्या क्रमात बसतच नाही. पोलंडचे दुसऱ्या महायुद्धातील पंतप्रधान जनरल व्लादिस्लाव सिकोर्स्की यांच्यावर लिहिताना याच प्रश्नापासून सुरुवात करावी.

प्रथम कायदेशीर आधार तपासावा. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केल्यावर राष्ट्राध्यक्ष मोश्चित्स्की रुमानियात गेले आणि तिथे स्थानबद्ध झाले. परंतु १९३५ च्या राज्यघटनेने युद्धकाळात उत्तराधिकारी नेमण्याचा अधिकार त्यांना दिला होता. त्यानुसार ३० सप्टेंबरला पॅरिसमध्ये राचकिएविच राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी सिकोर्स्की यांना पंतप्रधान नेमले. सिकोर्स्की १९२२-२३ मध्येही पंतप्रधान होते, याला एक वाक्य पुरे. त्यापेक्षा १९२६ मध्ये मार्शल पिल्सुद्स्की यांनी उठाव करून सत्ता घेतल्यावर ते बाजूला पडले, हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळेच पिल्सुद्स्की यांच्या गटाच्या राजवटीत झालेल्या १९३९ च्या पराभवाचा ठपका त्यांच्यावर आला नाही.

दुसरा आधार सैन्याचा. नोव्हेंबर १९३९ पासून ते सरसेनापतीही होते. फ्रान्स पडल्यावर सरकार लंडनला आले आणि जुलै १९४० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना पंतप्रधानपदावरून दूर केले. मात्र काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. अनेक लेखांतून गळणारा हा प्रसंग अवश्य घ्यावा, कारण खरे वजन कोणाचे होते, ते इथे उघड होते.

सर्वाधिक वेळ मात्र जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्या देशाशी झालेल्या ३० जुलै १९४१ च्या करारावर खर्च करावा. लंडनमध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आणि परराष्ट्रमंत्री ईडन यांच्या उपस्थितीत, सिकोर्स्की यांनी सोव्हिएत राजदूत मैस्की यांच्यासोबत सह्या केल्या. हा मजकूर वाचताना त्यात काय नाही, ते आधी पाहावे : जर्मनीशी १९३९ मध्ये झालेले भूप्रदेशविषयक करार रद्द असल्याचे सोव्हिएत संघाने मान्य केले, पण पोलंडच्या पूर्व सीमेची स्पष्ट हमी दिली नाही. शिवाय सोव्हिएत कैदेतील पोलिश नागरिकांची सुटका ‘माफी’ या शब्दाने झाली, जणू त्यांनीच काही गुन्हा केला होता. तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले. माझ्या मते सिकोर्स्की यांना दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता. तरीही राजीनामा देणाऱ्यांची बाजू लेखात मांडलीच पाहिजे.

कराराचा परिणाम माणसांपर्यंत शोधत जावे. सुटलेल्यांतून जनरल अँडर्स यांचे सैन्य उभे राहिले, १९४२ मध्ये ते इराणला गेले आणि त्यासोबत हजारो बायका-मुलेही बाहेर पडली. त्यांच्यापैकी अनेकजण कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत पोहोचले, जिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. मराठी विद्यार्थ्याला लंडनमधल्या त्या सहीचा परिणाम इतक्या जवळ सापडतो. कोल्हापूरकरांनी तर वळिवड्याला जाऊनच यावे.

शेवटच्या महिन्यांत तारखा काटेकोरपणे मांडाव्यात. १३ एप्रिल १९४३ ला जर्मनीने सोव्हिएत संघातील कातिन येथे सापडलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी जाहीर केल्या आणि त्या हत्यांचा आरोप सोव्हिएत संघावर केला. पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे चौकशीची मागणी केली. त्यावरून २५ एप्रिलला मॉस्कोने पोलिश सरकारशी संबंध तोडले. ४ जुलैला जिब्राल्टरहून उड्डाण होताच सिकोर्स्की यांचे विमान समुद्रात कोसळले आणि वैमानिकाखेरीज सर्वजण गेले, त्यांत ते स्वतः आणि त्यांची कन्याही होती. या क्रमावरूनच घातपात सिद्ध झाल्यासारखे लिहू नये. २००८ मध्ये अवशेषांची तपासणी झाली, तेव्हा जखमा अपघाताशी सुसंगत आढळल्या. संशयाचा इतिहास स्वतंत्र परिच्छेदात द्यावा.

मृत्यूपाशी लेख थांबवू नये. पुढे मिकोवाय्चिक पंतप्रधान झाले, जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने या सरकारची मान्यता काढली, तरी लंडनमधली ही परंपरा चालूच राहिली आणि २२ डिसेंबर १९९० ला शेवटच्या परागंदा राष्ट्राध्यक्षांनी राजचिन्हे वॉर्सामध्ये पोलंडचे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष लेख वावेन्सा यांच्या हाती सोपवली. कालपटाची अखेरची नोंद हीच ठेवावी.