किशोरवयातील सामाजिक ताण आणि पुढील व्यसनाचा धोका: पालकांनी काय करावे

वर्गातील छळ, मित्रांनी वाळीत टाकणे किंवा सततची अवहेलना यांना ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून देऊ नये. या वयात मेंदूतील बक्षिसाची ओढ निर्माण करणारी, डोपामाइन या संदेशवाहक रसायनाची यंत्रणा अतिशय संवेदनशील असते, तर आवेगाला लगाम घालणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो; म्हणूनच दीर्घकाळच्या ताणाचा ठसा खोल उमटू शकतो. किशोरवयात एकटे ठेवलेले उंदीर मोठेपणी मद्याकडे अधिक ओढले जातात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. माणसांत हा केवळ वाढलेला धोका असतो, अटळ भवितव्य नव्हे.

प्रथम बदल टिपावेत: झोप बिघडणे, शाळा टाळणे, जुने मित्र अचानक तुटणे. मग उलटतपासणी न करता, उपदेश बाजूला ठेवून, मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकावे. छळ होत असल्यास, मुलाला विश्वासात घेऊनच, शाळेशी लेखी संपर्क साधावा. एखादा जिवाभावाचा मित्र आणि विश्वासाची एक प्रौढ व्यक्ती हे माझ्या मते सर्वांत भक्कम संरक्षण आहे. ताण विसरण्यासाठी मूल दारू किंवा तंबाखूकडे वळू लागल्यास शिक्षेऐवजी तातडीने समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी.