किडनीचा रिपोर्ट हातात आला की कसा वाचायचा : लघवी आणि रक्त, दोन्ही

आमच्या सांगली-मिरजेकडं आता बहुतेक लॅब रिपोर्ट व्हॉट्सॲपवरच टाकतात, पीडीएफ उघडली की माणूस फक्त ठळक छापलेला आकडा शोधतो, ठळक काही नसलं की "चला, किडनी ओके" म्हणून मोबाईल खिशात. लॅबच्या काउंटरवर हे रोज बघतो म्हणून सांगतो, किडनीच्या बाबतीत हीच सवय घात करते. क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) हा उशिरा जागा होणारा आकडा आहे, किडनीचं निम्मं काम गेलं तरी तो रेंजमध्ये दिसू शकतो, आणि त्याच्या आधी कितीतरी वेळा लघवीतनं प्रोटीन जायला लागलेलं असतं. तेव्हा दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि या क्रमानं वाचा.

१. आधी सॅम्पल कसं दिलं होतं ते आठवा

लघवी शक्यतो सकाळची पहिली, सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबनं दिलेल्या डबीतच (घरची खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन आणणारे अजून आहेत), आणि तासा-दोन तासात लॅबला पोचवलेली. बायकांनी पाळी चालू असेल तर सांगावं किंवा चार दिवस थांबावं. अंगात ताप असला किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला असला तरी लघवीत थोडं प्रोटीन दिसतं, त्यावर लगेच निष्कर्ष काढायचा नाही. रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्स (कातडीच्या, आतल्या अस्तराच्या पेशी) भरपूर लिहिल्या असतील तर सॅम्पल नीट घेतलं गेलं नाही असं समजा आणि परत द्या.

रक्ताला उपाशी असलंच पाहिजे असं नाही, पण आदल्या रात्री यात्रेचं मटण हाणलं असेल तर क्रिएटिनिन तात्पुरतं वर दिसू शकतं. जिमवाल्या पोरांची क्रिएटिन पावडर, तेच.

२. क्रिएटिनिन : माणूस बघून वाचायचं

साधारण रेंज पुरुषांत ०.७ ते १.३, बायकांत ०.६ ते १.१ मिलिग्रॅम, लॅबप्रमाणं थोडं इकडं-तिकडं. हे स्नायूंतनं तयार होतं, म्हणजे ज्याच्या अंगावर मांस जास्त त्याचं मुळातच जास्त. आता समजा तालमीतला २५ वर्षांचा पैलवान आणि ७० वर्षांच्या त्याच्या आत्याबाई, दोघांचंही क्रिएटिनिन १.२ आलं. पोराची किडनी ईजीएफआरच्या हिशेबानं (तो पुढं सांगतो) ८६ वर चाललीय, आत्याबाईंची ४९ वर. पोराचं बहुधा त्याहून चांगलंच असणार कारण फॉर्म्युल्याला त्याची मांडी दिसत नाही. आत्याबाईंचं मात्र "जरासंच वाढलंय" म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाही.

३. ईजीएफआर : खरं वाचायचं ते हे

वरचे ८६ आणि ४९ हे ईजीएफआरचे आकडे. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा हा अंदाज, वय, लिंग आणि क्रिएटिनिनवरून काढलेला. रिपोर्टवर छापला नसेल तर लॅबला मागा, नाहीतर सीकेडी-ईपीआय २०२१ नावाचा कॅल्क्युलेटर नेटवर फुकट मिळतो.

९० च्या वर चांगलं. ६० ते ८९ मध्ये लघवी स्वच्छ असेल तर बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवायचं असतं, म्हाताऱ्या माणसांत तर हे सर्रास दिसतं. ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ हे तिसऱ्या स्टेजचे दोन भाग, १५ ते २९ चौथी, १५ च्या खाली पाचवी. आकडा एकदा ६० च्या खाली आला म्हणून लगेच किडनीचा जुना आजार ठरत नाही, तो तीन महिने तसाच राहायला लागतो. जुलाब-उलट्या होऊन ॲडमिट असलेल्या माणसाचा ईजीएफआर तर मोजूच नका, तेव्हा क्रिएटिनिन रोज बदलत असतं आणि तो हिशेब चुकतोच.

४. युरिया आणि बीयूएन

यात लोक फार फसतात. युरिया हाही किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, बीयूएन म्हणजे त्यातला नुसता नायट्रोजन. युरियाची रेंज साधारण १५ ते ४० आणि बीयूएनची ७ ते २०, गोष्ट एकाच पदार्थाची पण मोजायची रीत वेगळी, बीयूएनला २.१४ नं गुणलं की युरिया. मागच्या महिन्यात एका लॅबचा बीयूएन १८ आणि आता दुसऱ्या लॅबचा युरिया ३८ आला म्हणून घरात रडारड नको, दोन्ही एकच आहेत. शिवाय एप्रिल-मे मध्ये माण-खटावच्या उन्हात दिवसभर राबून पाणी कमी पडलं की युरिया वाढतोच. क्रिएटिनिन जागेवर आणि एकटा युरिया वर असेल तर आधी पाणी कमी पडलंय का बघा, पोटात रक्तस्राव होत असला तरी असंच चित्र येतं, म्हणजे शौचाला काळं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

५. लघवी : इथं वेळ द्या

प्रोटीनसमोर ट्रेस, १+, २+ असं असतं. १+ म्हणजे डेसिलिटरला साधारण ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००. पण सॅम्पल येईना म्हणून काउंटरसमोर बसून बिसलेरी रिचवली की लघवी पातळ होते आणि तेच प्रोटीन कमी दिसतं, म्हणून शेजारची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती घट्ट आहे तो आकडा) बघा, १.००५ च्या आसपास असेल तर "प्रोटीन निल" वर फार विसंबू नका.

यावर उपाय म्हणजे एसीआर, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, पातळ-घट्टचा घोळ त्यात राहत नाही. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे किडनी कुरकुरायला लागलीय, ३०० च्या वर म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडं चला. वर गेलं तर पुढच्या तीन महिन्यांत परत करून पक्कं करायचं. शुगर आणि बीपीवाल्यांनी ही टेस्ट वर्षातनं एकदा स्वतःहून मागून घ्यावी. आमच्याकडं लोक शुगर दर महिन्याला तपासतात आणि एसीआरचं नावही ऐकलेलं नसतं, हे मला अजून कळलेलं नाही असं का.

लघवीत ग्लुकोज ३+ आणि रक्तातली शुगर बरी? गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा, त्या गोळीचं कामच शुगर लघवीतनं बाहेर काढणं आहे, घाबरून बंद करू नका.

पस सेल्स (पू करणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५ पर्यंत चालतात. जास्त असतील आणि जळजळ किंवा ताप असेल तर कल्चरचं (जंतू वाढवून बघायच्या टेस्टचं) सॅम्पल अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी द्या, नंतर दिलं तर बऱ्याचदा काहीच उगवत नाही. त्रास काहीच नाही आणि नुसत्या पस सेल्स ८-१० असल्या तर मेडिकलमधनं स्वतःच गोळ्या आणू नका. लाल पेशी वारंवार येत असतील तर मात्र सोनोग्राफी करा, मुतखडा असू शकतो, पन्नाशीच्या पुढच्या तंबाखूवाल्या माणसात तर हे अजिबात टाळायचं नाही. लघवीत बुडवायच्या टेस्टच्या पट्टीवर ब्लड पॉझिटिव्ह पण मायक्रोस्कोपखाली लाल पेशी नाहीत असं कधी कधी येतं. जोर-बैठकांचा अतिरेक केलेल्या पोराची लघवी काळपट झाली असेल आणि रिपोर्ट असा आला तर स्नायू मोडून त्यातलं द्रव्य किडनीत चाललंय, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बीट खाऊन लाल झालेल्या लघवीत पट्टीवर काहीच येत नाही.

६. पोटॅशियम

रक्तातला हा क्षारही किडनीच बाहेर टाकते. रेंज ३.५ ते ५. जत-आटपाडीच्या कलेक्शन सेंटरवरनं सॅम्पल दुपारभर एसटीतनं किंवा गाडीवरनं येत असेल तर पेशी फुटून आकडा खोटा वाढतो, म्हणून ईजीएफआर चांगला असताना पोटॅशियम ५.८ आलं तर परत ताजं रक्त द्यावं. ईजीएफआर आधीच कमी असेल तर मात्र त्याला खोटं समजत बसू नका.

७. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी

फाईलमधले सगळे रिपोर्ट तारखेनं लावा आणि क्रिएटिनिन एका कागदावर ओळीनं लिहा, ०.८, ०.९, १.१, १.३ अशी चढण डॉक्टरांना एका नजरेत दिसते, एकट्या १.३ वरून ती दिसत नाही. शेजारी गोळ्या लिहा. गुडघ्यासाठी रोजची डायक्लोफिनॅक (दुखण्यावरची गोळी), कुणीतरी दिलेलं भस्म, सगळं, लाजू नका. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल (बीपीच्या गोळ्या) नुकतं चालू झालं असेल तर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढणं डॉक्टरांना अपेक्षितच असतं, किडनी वाचवायलाच ती गोळी दिलेली असते.

आणि लघवी एकदम कमी झाली, तोंडा-पायावर सूज आली, आडवं पडल्यावर धाप लागते, किंवा पोटॅशियम ६ च्या वर आहे, तर रिपोर्ट वाचत बसायचं नाही, पुढच्या सोमवारची अपॉइंटमेंट पण नाही, सरळ कॅज्युअल्टीत जायचं, फाईल आणि गोळ्यांची पिशवी सोबत घेऊन.