शेतात जाऊन बेरी स्वतःच्या हाताने कशा तोडायच्या

एक गोष्ट आधीच सांगते, बेरी झाडावरून तोडली की नंतर गोड होत नाही. केळं कच्चं आणलं तरी घरात पिकतं, स्ट्रॉबेरीचं तसं नाही, ती जितकी गोड असेल तितकीच राहते. लांबच्या बाजारात जाणारी फळं प्रवासात टिकावीत म्हणून बऱ्याचदा थोडी आधीच काढतात, म्हणून वरून लाल आणि खाल्ली तर नुसती आंबट. खरी चव हवी असेल तर पूर्ण पिकलेली आपण स्वतःच तोडायची.

आधी सीझन बघा. थंड प्रदेशात उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्ट्रॉबेरी येते, मग रास्पबेरी आणि ब्लूबेरी, ब्लॅकबेरी साधारण सगळ्यात शेवटी. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे स्ट्रॉबेरी हिवाळ्यातच सुरू होते. पण कॅलेंडरवर जाऊ नका, थंडी लांबली की सगळंच पुढे जातं.

त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी शेतावर फोन कराच. ऑनलाइन टाइम दिलेला असतो पण आदल्या दिवशी गर्दी होऊन पिकलेला माल संपला असेल तर पुढचा माल तयार होईपर्यंत शेत बंद ठेवतात, आणि मुलांना घेऊन एवढ्या लांब जाऊन परत फिरायचं म्हणजे फार वाईट वाटतं. फोनवरच विचारून घ्या की डबे आपले आणायचे का, पैसे वजनावर की डब्यावर, आणि शेवटची फवारणी कधी झाली. हा शेवटचा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका, तोडता तोडता एखादी तोंडात जातेच. (शेतात खायला परवानगी आहे का तेही विचारा, सगळीकडे नसते.)

सकाळी लवकर जा. उन्हाने तापलेली फळं मऊ पडतात आणि घरी पोचेपर्यंत खराब व्हायला लागतात. पाऊस पडून गेल्या गेल्या जाऊ नका, ओल्या फळाला बुरशी लगेच धरते. बंद बूट, टोपी, पाणी, आणि डाग पडले तरी चालतील असे कपडे. ब्लॅकबेरीला काटे असतात, बिनकाट्याच्या जातीही आहेत म्हणा, पण फुल बाह्यांचा शर्ट असलेला बरा.

डबा पसरट घ्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खोल बादली काठोकाठ भरली होती आणि घरी आल्यावर खालच्या सगळ्या स्ट्रॉबेरींचा लगदा झालेला, इतकं जीवावर आलं ते टाकायला. चार-पाच इंचांपेक्षा जास्त थर नको, रास्पबेरीचा तर त्याहून कमी. आपला डबा असेल तर रिकामा असतानाच काट्यावर वजन करून घ्या.

आता तोडायचं कसं. स्ट्रॉबेरी देठापर्यंत लाल हवी, वरती पांढरं असेल तर राहू द्या. फळ धरून ओढू नका, देठ नखाने खुडा, हिरवी टोपी फळाला राहिली पाहिजे. पानं बाजूला करून खाली बघा, चांगली फळं तिथेच लपलेली असतात.

ब्लूबेरी निळी दिसली म्हणून लगेच तोडायची नाही, देठाजवळ लालसर झाक असेल तर अजून थांबायला हवं. घोसाखाली तळहात धरायचा आणि अंगठ्याने हलकेच चोळायचं, पिकलेल्या आपोआप हातात पडतात, कच्च्या झाडालाच राहतात. वरचा पांढरट थर पुसू नका, तो फळाचाच असतो आणि त्याने ते टिकतं.

रास्पबेरी तोडायला मला सगळ्यात आवडते. तीन बोटांत धरून जरा ओढली की पिकलेली अलगद निसटते, पांढरा गाभा झाडावर राहतो आणि हातात आतून पोकळ अशी छोटी टोपी येते. जोर लावावा लागला तर ती तयार नाही, सोडून द्या. ब्लॅकबेरीचा गाभा मात्र फळाबरोबरच येतो, आणि तिची खूण उलटी आहे, चकचकीत काळी म्हणजे अजून आंबट, चमक जाऊन जराशी निस्तेज झाली की गोड.

ओळींमधूनच चाला, रोपांवर पाय देऊ नका. गेटजवळची झाडं लोकांनी आधीच साफ केलेली असतात म्हणून थोडं आत जा.

घरी आल्यावर लगेच धुवू नका! फुटलेल्या, बुरशीच्या वेगळ्या काढा, बाकीच्या कोरड्याच फ्रीजमध्ये ठेवा आणि खायच्या आधी धुवा. रास्पबेरी एक-दोन दिवसांत संपवायची, ब्लूबेरी आठवडाभर आरामात राहते. जास्त झाल्या तर धुऊन, अगदी कोरड्या करून, ट्रेवर सुट्या पसरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कडक झाल्या की मग पिशवीत भरा, म्हणजे गोळा होत नाही, हव्या तेवढ्या मूठभर काढता येतात.