पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला तर बाईकमध्ये नक्की काय फरक पडतो

माझी गाडी केटीएमची 390 ड्यूक, जुनी 373 सीसीवाली, आपल्या चाकणमध्येच बनलेली, आणि रोजचा रस्ता म्हणजे संध्याकाळचा कर्वे रोड. सिंगल सिलिंडर असल्यामुळे 3000 आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) खाली ओढायला लावलं की चेन खडखडायला लागते, मग क्लच दाबा, सोडा, परत दाबा, घरी पोचेपर्यंत डाव्या हाताचा पार भुगा. दुसऱ्यात टाकली तर धक्के, पहिल्यात ठेवली तर नुसती बोंब मारते. शेवटी पुढचं, इंजिनकडचं, 15 दातांचं स्प्रॉकेट (चेन जिच्यावर फिरते ती दात्यांची चकती) काढून 14 चं टाकलं. ते कसं केलं आणि त्याने काय झालं ते सांगतो, दुसरी गाडी असली तरी हिशोब हाच.

आधी हिशोब. मागचे दात भागिले पुढचे दात. माझ्याकडे 45 भागिले 15, म्हणजे रेशो बरोबर 3. पुढे 14 टाकलं की 3.21 होतो, म्हणजे मागच्या चाकावर ओढ साधारण 7 टक्के वाढली आणि त्याच आरपीएमला स्पीड तेवढाच कमी झाला. पुढे 16 टाकलं तर 2.81, सगळं उलटं. मागे 48 टाकून पण 3.2 येतो, म्हणजे पुढचा एक दात बरोबर मागचे तीन, पण मागचं महाग पडतं, चाक काढावं लागतं आणि बऱ्याचदा चेन पण लांब लागते. म्हणून पहिला प्रयोग पुढच्यावरच करायचा, स्वस्तात होतो आणि नाही आवडला तर तासाभरात परत जुनं. आणि एकच दात, दोन नाही. 13 वगैरे टाकलं की चेन फार लहान गोलात वळते, लवकर झिजते, आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) रबरावर घासायला लागते ते वेगळंच.

एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, याने पॉवर वाढत नाही. इंजिन तेच आहे, तुम्ही फक्त गिअर सरकवताय, सायकलला चढावर मागची मोठी चकती घेतो ना, तसंच. आणि 16 टाकून टॉप स्पीड वाढेल असं वाटणाऱ्यांनी तर जरा थांबा, वरच्या गिअरला इंजिनला हवा कापायलाच जोर पुरत नसेल तर अजून लांब गिअर देऊन उलट स्पीड कमी होतो, आणि जरा चढ लागला की लगेच एक गिअर खाली.

आता काम. स्प्रॉकेट घेताना आपल्या चेनचा नंबर बघा, 520 ला 520 चंच. 520, 525 आणि 530 ची पिच, म्हणजे चेनच्या दोन पिनांमधलं अंतर, सारखीच असते, 15.875 मिमी, पण रुंदी वेगळी, आणि 428 ची तर पिचच 12.7, त्यामुळे "बसेल हो साहेब" म्हणणाऱ्या दुकानदारावर जाऊ नका. चेन पण तपासा, मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला बोटाने चेन मागे ओढा, अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन संपली आहे, तिच्यावर नवीन स्प्रॉकेट टाकलं तर ती त्याला पण खाणार, मग पूर्ण सेटच घ्या.

गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड), इंजिन बंद, चावी खिशात. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढलं की आत काळं लोण्यासारखं ग्रीस आणि माती निघते, ती आधी खरवडून साफ करा. आणि इथेच बहुतेक जण चुकतात, मी पण चुकलो, आधी चेन ढिली केली आणि मग मधला बोल्ट सोडवायला गेलो तर स्प्रॉकेट नुसतं फिरतंय. क्रम असा, चेन ताणलेली असतानाच पहिला गिअर टाकायचा, एकाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि मग बोल्ट सोडायचा. काही गाड्यांत मोठा नट आणि लॉक वॉशर असतो, त्याचा वाकवलेला कान आधी सरळ करा, काहींत दोन बोल्टची पट्टी असते, ती सोपी. त्यानंतर ॲक्सलचा, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट ढिला, ॲडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) सोडून चाक पुढे, चेन मागून उतरवली की पुढचं स्प्रॉकेट हाताने निघतं.

नवीन घालताना जुन्याची बाजू बघून तशीच ठेवा, उलटं बसलं तर चेनची लाईन जाते. बोल्टला लॉकटाईट (बोल्ट आपोआप सुटू न देणारा गोंद), लॉक वॉशर असेल तर नवीन, आणि टाईट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच, म्हणजे तिथे दिलेल्या जोरानेच, परत ब्रेक दाबूनच. 14 मुळे चेन ढिली पडते म्हणून चाक साधारण 4 मिमी मागे घ्यावं लागतं, तेव्हा ॲडजस्टर आधीच शेवटच्या खुणेवर असेल तर जागाच नाही उरत. दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या करा, चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा, चाक फिरवून तीनचार ठिकाणी बघा. चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून चेनला हात लावणाऱ्याचं बोट स्प्रॉकेटमध्ये जायला अर्धा सेकंद पण लागत नाही.

फरक पहिल्याच सिग्नलला कळला. क्लच सोडला की गाडी धक्का न देता निघते, ट्रॅफिकमध्ये दुसऱ्यात रेंगाळते, आणि ताम्हिणीत मागे बायको आणि सॅडलबॅग असताना वळणावर जिथे तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागायचं तिथे आता तिसऱ्यातच निघून जातो. किंमत हायवेला मोजायची. समजा 4500 ला जो स्पीड मिळायचा त्याला आता 4800 च्या वर लागतात, म्हणून सातारा रोडला तासभर एकाच स्पीडला चालवलं की हँडलला मुंग्या जास्त येतात, पेट्रोल पण थोडं जास्त पिते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तसंही दुचाकीला घेत नाहीत म्हणून मला चालतं, पण दर शनिवारी गोवा करणाऱ्याने 15 च ठेवावं.

स्पीडोमीटरचं पण बघा. रीडिंग चाकावरून घेत असेल तर काही फरक नाही, गिअरबॉक्सच्या आउटपुटवरून घेत असेल तर 14 टाकल्यावर खऱ्या 60 ला 64 दाखवणार आणि किलोमीटर पण तसेच जास्त पडणार, मग मायलेज उगाच चांगलं दिसतं. गाडी वॉरंटीत असेल तर हे करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दोनतीनशे किलोमीटर झाले की कव्हर उघडून बोल्ट आणि चेन परत एकदा बघा. जुनं 15 मी पेपरमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलंय, लडाख ठरलं की परत चढवेन का ते अजून ठरत नाहीये, तिथे चढ पण आहेत आणि तिथवर पोचायला हायवे पण.