कॅन्सर घराण्यात आहे का? आधी वंशवेल काढा

जनुकांची तपासणी करायला धावण्याआधी एक मोठा कागद घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसा. मी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स आहे. "आमच्या घराण्यातच आहे हो," हे वाक्य रोज ऐकते. त्यात दोन गोष्टी एकत्र झालेल्या असतात: रक्तातून आलेलं जनुक आणि आजीच्या डबीतून पुढे आलेली मशेरी. त्या वेगळ्या करायच्या, एवढ्यासाठी हा कागद.

बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. तीन पिढ्या, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही. छातीचा कॅन्सर बायकांचा म्हणून लोक वडिलांची बाजू सोडून देतात. पण बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या, छातीच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांमधला दोष वडिलांकडूनही तसाच येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. तेव्हा मावशीइतकीच आत्याचीही चौकशी करा.

आजार कितव्या वर्षी झाला, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणाला आठवत नाही. मग १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती का, १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिचं धाकटं केवढं होतं, असं विचारायचं, वय निघतं. "पोटात पाणी होऊन गेली" असं कुणी म्हणालं, तर तिथे थांबा. लिव्हरच्या आजारात, टीबीत पोटात पाणी होतं, तसंच अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही होतं. जुनी फाइल, बायोप्सीचा रिपोर्ट ट्रंकेत असेल तर काढा.

आता प्रत्येक नावाखाली सवयी लिहा: मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा, बिडी, दारू, वाढलेलं वजन. नुसती सुपारीसुद्धा लिहा. तंबाखू नसली तरी सुपारीने तोंडाचा कॅन्सर होतो.

कागद वाचताना आधी सुनांकडे बघा. सासू, मुलगा आणि सून तिघांनाही तोंडाचा कॅन्सर झाला असेल, तर सून काही त्या रक्ताची नाही. तिथे पहिला संशय घरातल्या डबीवर घ्यायचा. तेच विष पचवण्याची ताकद मात्र प्रत्येकाच्या शरीरात वेगळी असते आणि त्यात जनुकांचा वाटा असतो. आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते, हा तुमच्यासाठी पुरावा नाही.

याउलट पन्नाशीच्या आत छातीचा कॅन्सर, कोणत्याही वयात अंडाशयाचा, पुरुषाला छातीचा, किंवा एकाच बाजूला दोघातिघांना कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर, असं काही दिसलं तर जनुकीय समुपदेशन, म्हणजे या विषयातल्या तज्ज्ञाचा सल्ला घ्या. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये ती सोय आहे. शक्य असेल तर तपासणी आधी आजारी माणसाची करतात. त्याच्यात दोष सापडला, की बाकीच्यांमध्ये नेमकं काय शोधायचं ते कळतं. रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असलेला बदल आला, तर केवळ त्याच्या आधारावर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका.

दोष सापडला म्हणजे सगळं ठरून गेलं, असं कृपा करून समजू नका. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बीआरसीएचा दोष असलेल्या बायकांपैकी १९४०च्या आधी जन्मलेल्यांमध्ये पन्नाशीपर्यंत छातीच्या कॅन्सरचा धोका २४ टक्के होता, नंतर जन्मलेल्यांमध्ये ६७ टक्के. जनुक तेच, राहणीमान बदललं. किशोरवयात अंगाला व्यायाम आणि बेताचं वजन असलेल्यांना आजार उशिरा झाला. म्हणून अशा घरातल्या मुलींना खेळू द्या, धावू द्या, दारू नकोच. त्याबरोबर डॉक्टर सांगतील त्या छातीच्या तपासण्या, एमआरआय, मॅमोग्राफी, वेळेवर करा, कारण नुसत्या चांगल्या सवयींनी हा धोका शून्यावर येत नाही. सगळं पाळूनही एखादीला आजार झाला, तर "तुझंच काहीतरी चुकलं" असं तिला कुणी म्हणायचं नाही.

कागदाचा फोटो काढून चुलत, मावस, आते, मामे भावंडांना पाठवा. लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणींना आधी.