फुफ्फुसाचा कॅन्सर: धाप, दुखणं, थकवा कमी करून दिवस बरे कसे घालवायचे

डॉक्टरांकडे गेल्यावर हमखास राहून जातं ते म्हणजे पेशंटला रोज काय त्रास होतोय ते सांगणं. सगळं बोलणं पेट स्कॅन, गाठ केवढी झाली, पुढची केमो कधी यावरच संपतं आणि रात्री झोप नाही, जिना चढवत नाही, गिळताना दुखतं हे कोणी काढतच नाही, पेशंट म्हणतो जाऊदे, उगाच डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा. असं करू नका प्लीज. एक वही करा, रोज रात्री धाप, खोकला, दुखणं, थकवा या चार गोष्टींना 0 (काहीच त्रास नाही) ते 10 (सहनच होत नाही) मधला आकडा लिहा आणि आकडा पेशंटनेच सांगायचा, आपण तोंडाकडे बघून ठरवायचा नाही. ओपीडीत ती वही टेबलावर ठेवा, रिपोर्टच्या आधी.

दुसरं, पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दुखणं, धाप असा त्रास कमी करून पेशंटला आराम देणारे डॉक्टर पहिल्यापासूनच गाठा. नाव ऐकलं की घरच्यांना वाटतं आता सगळं संपलं, आणि मग खूप उशिरा जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. 2010 मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा अभ्यास आला, फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेला असताना नुकतंच निदान झालेले 151 पेशंट होते, त्यातल्या साधारण निम्म्यांना नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत सुरुवातीपासून ही टीम दिली. त्यांचे दिवस जास्त बरे गेले, डिप्रेशन कमी होतं, आणि आयुष्यही जास्त मिळालं, मध्यक (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) 11.6 महिने, बाकीच्यांचा 8.9. म्हणजे केमो चालू असतानाच जायचं, बंद झाल्यावर नाही. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत.

आता धाप, कारण माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो यानेच. धाप लागली की आडवं झोपवू नका. खुर्चीत बसवा, थोडं पुढे वाकून कोपरं मांड्यांवर किंवा समोर टेबलावर उशी ठेवून त्यावर, खांदे सैल. नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठांतून हळूहळू सोडायचा, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ. बॅटरीवर चालणारा छोटा हातातला पंखा घेऊन ठेवा, तोंडापासून वीतभर अंतरावर धरून वारा नाकावर आणि गालावर घ्यायचा, चेहऱ्याला गार वारा लागला की मेंदूला जाणवणारी धाप कमी होते. खिडकी उघडा, आणि भोवती जमलेल्या सगळ्यांना बाहेर पाठवा, एकानेच जवळ बसून शांतपणे सोबत श्वास घ्यायचा.

ऑक्सिजनचं मशीन लगेच भाड्याने आणू नका. बोटाला लावायच्या मीटरवर आकडा चांगला असताना त्याचा फायदा पंख्यापेक्षा फार वेगळा नसतो, आधी डॉक्टरांना विचारा. आणलंच तर त्या खोलीत दिवा, उदबत्ती, बिडी काही पेटवायचं नाही. आणि धाप दोन-चार दिवसांत वाढली असेल तर आजारच वाढला असं धरून बसू नका, फुफ्फुसाभोवती पाणी झालेलं असू शकतं, इन्फेक्शन, रक्त कमी होणं, रक्ताची गाठ अडकणं, यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. पाणी काढलं की कित्येकांना त्याच दिवशी मोकळं वाटतं.

मॉर्फिन हे जोरदार दुखण्यावरचं औषध, त्याची भीती सोडा. डॉक्टरांनी ठरवलेल्या छोट्या डोसने दुखणं तर कमी होतंच, धापही कमी होते, व्यसन लागेल म्हणून माणसाला तळमळत ठेवणं बरोबर नाही. फक्त दुखायला लागल्यावर नाही, तर घड्याळ लावून वेळेवर द्यायचं, डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही, आणि बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांना होते म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या.

थकव्यासाठी बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची, दाढी आणि केस विंचरणं बसून, जिन्याच्या वळणावर एक स्टूल. पण दिवसभर झोपून राहिलं की अंगातली उरलेली ताकद पण जाते, त्यामुळे झेपेल तेवढं घरातल्या घरात का होईना चालायचंच.

जेवणाची जबरदस्ती नको, छोट्या वाटीत दर दोन-तीन तासांनी द्या, तूप घातलेली मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, नाचणीची पेज, जे आवडेल ते. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो वगैरे व्हॉट्सॲपवर येतं त्याने फक्त वजन उतरतं. जेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब या कॅन्सरवरच्या गोळ्या चालू असतील तर ॲसिडिटीची गोळी न विचारता घेऊ नका, मूळ गोळी नीट शोषली जात नाही. काढे, चूर्ण चालू असेल तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आणि कोणीही, अगदी कोणीही, पेशंटला तंबाखू-सिगरेटवरून टोमणा मारायचा नाही. आयुष्यात कधी सिगरेट न ओढलेल्यांनाही हा आजार होतो. अजून ओढत असतील तर सोडल्याचा आताही फायदा आहे, पण त्यासाठी औषधं मिळतात, ती मागा.

पुढच्या गोष्टींना ओपीडीची तारीख बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल: खोकल्यातून भरपूर रक्त, तोंड आणि मान सुजणं, पाय अचानक लुळे पडणं किंवा लघवी अडकणं, एकच पाय सुजणं, केमो चालू असताना 100.4 च्या वर ताप.

गावाहून येणाऱ्यांनी रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या, उपचारासाठीच्या प्रवासात कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टियर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय होऊ शकते, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं ऑपरेशन किंवा केमोची तारीख मिळायच्या आधीच विचारून ठेवा, रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या.